लाटी पालथी पडल्याची बातमी

३ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र काल सामानाच्या ट्रकबरोबर आलं. ट्रकवाला आता बटाट्याची पोती उतरवायच्या आधी पत्रं वाटतो. एकदा त्यानं उलटं केलं होतं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला फाडून खाल्लं होतं. मी क्रेनवरून उतरले, हातमोजेही न काढता पाकीट फोडलं, आणि आत काय? "लाटी मजेत आहे. दूध पिते. झोप जरा कमी झाली आहे. काळजी करू नकोस." बास? गिऱ्हाइकाच्या पँटची मापं लिहितेस तीसुद्धा याच्यापेक्षा लांब असतात.

झोप जरा कमी म्हणजे किती कमी? आणि का? मी निघाले तेव्हा ती रात्रीतून एकदा दुधाला उठायची आणि पुन्हा गुडुप. साडेतीन महिन्यांचं मूल मी तुझ्या हातात झोपतं असं दिलं होतं. मी घरातून पाय काढला आणि तिची झोप उडाली, याचा मी काय अर्थ घ्यायचा? तुझं शिलाई मशीन तिच्या खोलीत चालतं का? की रेडिओ?

मी इथे का आले ते तुला माहीत आहे. बाळंतपणाची रजा आणखी ताणली असती तर क्रेनवर दुसरा कुणी बसला असता, आणि एका बाईला ती केबिन पुन्हा कधी मिळाली असती कुणास ठाऊक. पुलाची दोन टोकं मे महिन्यात जुळतील, मग मी घरी. तोवर या दरीत फोन लागत नाही, आणि ऑफिसातल्या वायरलेसवर फक्त सिमेंट आणि अपघात एवढंच बोलायची परवानगी आहे. म्हणजे तू लिहिशील तेवढंच मला कळणार. म्हणून नीट लिही.

आणि दवाखान्यातल्या बाईंनी बजावलेलं पुन्हा सांगते. पालथी पडायला लागेपर्यंत दुपट्यात गुंडाळूनच झोपवायची, हात आत, नाहीतर स्वतःच्याच हातांनी दचकून उठते. पण पालथं पडायचा नुसता प्रयत्न जरी दिसला, तर त्याच दिवसापासून दुपटं कायमचं बंद. गुंडाळलेलं मूल पालथं झालं तर हात मोकळे नसतात, तोंड उचलता येत नाही. लाटीच्या बापालाही, आमच्या बेकरीवाल्याला, मी हे लिहिलंय. त्यानं तो कागद कपाटाच्या दारावर चिकटवलाय म्हणे. तो भट्टीवरून सकाळी येतो आणि तिला घेऊन झोपतो तेव्हा तोच गुंडाळणार ना.

तर मला एका शब्दात कळव. पडते का पालथी? तिच्या वयाची मुलं पडतात म्हणे.

छोटी

११ फेब्रुवारी

छोटे,

पत्र वाचलं. आधी पाणी प्यायले, मग लिहायला बसले. नाहीतर हा कागद तुला झेपला नसता.

मशीन तिच्या खोलीत नाही. पुढच्या खोलीत आहे, आणि ती झोपली की मी हातशिलाई करते. मान मोडून गेली आहे माझी. रेडिओचा सेल जाऊन महिना झाला, आणायला सवड कुणाला आहे? रात्रभर तिला मी सांभाळते, कारण तुझा नवरा भट्टीसमोर पाव काढत असतो. सकाळी तो येतो, अंघोळ करतो, बाटली देतो आणि तिला घेऊन झोपतो. तेवढ्या वेळात मी शिवलेले कपडे पोचवते. मग ती पुन्हा दिवसभर माझ्याकडे. पाळणाघरात वीस वर्षं काढली मी. तिथे दुसऱ्यांची मुलं झोपवली, तर बहिणीचं मूल मला झोपवता येत नाही असं तुझं म्हणणं आहे?

या वयात मुलांची झोप जाते. थंडी असते, हिरड्या शिवशिवतात, काहीही असतं. येईल परत.

तिला दुपट्यात गरम होतं. म्हणून मी तुझ्या नवऱ्याला म्हटलं, नको गुंडाळू. तर तो नुसतं कपाटाच्या दाराकडे बोट दाखवतो. तुझा कागद म्हणजे त्याला कोर्टाचा हुकूम झालाय. त्याला तू लिही की ताई सांगते ते ऐक.

पालथी नाही पडत अजून. पडेल तेव्हा पडेल.

ताई

१२ फेब्रुवारी

मोठ्या बाई,

पाळणाघर सुटल्यापासून तुम्हाला पत्र टाकलं नाही, रागावू नका. आता मन मोकळं करायला दुसरं माणूस नाही म्हणून लिहिते.

माझी धाकटी बहीण मे महिन्यापर्यंत डोंगरात पुलाच्या कामावर आहे, तिची मुलगी माझ्याकडे आहे. चार महिन्यांची. बापानं तिचं नाव लाटी पाडलंय, बेकरीत असतो ना तो. बाई, ती पालथी पडते. जानेवारी संपायच्या आतच पडली. मी खाली चटई टाकून अस्तर कापत होते आणि ती शेजारी उताणी. माझी मापाची टेप सरकली, तिच्या मागे तिची मान वळली, मग खांदा, मग अख्खी लाटी. एक हात पोटाखाली अडकला. इतकी संतापली की कान लाल झाले. मग हात ओढून काढला, मान वर केली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच ढकललं तिला. मी हसले आणि मग मला रडूच आलं.

तेव्हापासून रात्रभर तिचं तेच. झोपेतही सराव चालू. पालथी होते, परत फिरता येत नाही, मग टाहो. मी सरळ करते. डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा पालथी. बहिणीचं दुपट्यात गुंडाळायचं फर्मान आहे, पण मी रात्री दुपटं लावत नाही, तेवढी अक्कल आहे मला.

पण बहिणीला मी सांगितलेलं नाही. निघताना दारात तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "ताई, मी नसताना तिनं काही नवीन केलं तर मी मरून जाईन." मला आपलं पाळणाघर आठवलं. पहिलं पाऊल असो, पहिला शब्द असो, आपण कधी एका तरी आईला सांगितलं का? आपण नुसतं म्हणायचो, "आज घरी जरा लक्ष ठेवा हं, काहीतरी करेलसं वाटतंय." आणि दुसऱ्या दिवशी ती आई रस्त्यावरूनच ओरडत यायची, बाई, काल चालला! तो आनंद तिचाच असायचा. तसंच माझ्या बहिणीनंही घरी येऊन पहिल्यांदा बघावं. बापालाही मी सांगितलं नाही, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याच्याकडे असते तेव्हा ती पोटभर पिऊन मेल्यासारखी झोपते, त्याला काही दिसत नाही.

आणि या सगळ्याचं बक्षीस काय, तर मुलीची झोप उडवली म्हणून माझ्यावर खापर. राग येतो हो फार.

रांगत्यांच्या खोलीतली तुमची बाई

१९ फेब्रुवारी

ताई,

ह्याचं पत्र आलं. तू अजूनही त्याला गुंडाळू नको म्हणतेस. एकदा तर त्यानं गुंडाळलेली तू येऊन सोडलीस आणि ती उठली. बिचारा रात्रभर भट्टीसमोर उभा होता आणि त्यानंतर तासभर तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होता. हे चाललंय काय?

मी सरळ विचारलं, पालथी पडते का. तू सरळ लिहिलंस, नाही. मग दुपट्याला तुझी हरकत काय? गरम होतं म्हणे. मी तिची आई आहे, ती कितपत गरम असते ते मला कळतं. फेब्रुवारीत कुणाला गरम होतं? तुला एकच गोष्ट सहन होत नाही, तुला कुणी शिकवलेलं. लहानपणापासून हेच. वेणी मी माझी घातली तरी तू सोडून पुन्हा घालायचीस.

पाळणाघराच्या वीस वर्षांचा तोरा मला दाखवू नकोस. तिथे मुलं दुपारी घटकाभर झोपायची आणि संध्याकाळी आपापल्या घरी जायची. रात्र तुम्ही कुणाची काढली होती?

मी ह्याला लिहून टाकलंय, ताई काहीही म्हणो, तू गुंडाळ. आणि या ट्रकबरोबर एक नवीन दुपटं पाठवते. इथल्या कँटीनवाल्या बाईच्या सुनेनं शिवलंय, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी आहे. कितीही हातपाय झाडले तरी सुटत नाही. मी स्वतः ओढून बघितलं. ते ह्याच्याच हातात दे.

मला इथे झोप लागत नाही, ताई. दिवसभर वर बसून खाली लोकांच्या डोक्यावर लोखंड फिरवायचं असतं. तुझ्या अर्ध्या अर्ध्या ओळी वाचून मी काय काय मनात आणते, ते तुला नाही कळायचं.

छोटी

२२ फेब्रुवारी

अगं बाई,

तुझं पत्र वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. अक्कल गहाण टाकलीस का गं?

आपल्या आया संध्याकाळी यायच्या. मूल त्यांच्या कडेवर घरी जायचं आणि रात्री त्यांच्याच डोळ्यांसमोर पालथं पडायचं. म्हणून आपण गप्प बसायचो. तुझ्या बहिणीच्या डोळ्यांसमोर काय आहे? डोंगर. तिला मे महिन्यापर्यंत जे दिसणार ते तुझ्या पत्रात असेल तेवढंच. आणि आपण गप्प बसायचो ते कौतुकाच्या गोष्टींत. ताप आला, पडलं, नाकात काही घातलं, हे दारातच सांगून मोकळे व्हायचो. पालथं पडणं कौतुकाचंही आहे आणि काळजीचंही. जे काळजीचं आहे ते सांगायचं, हे मी तुला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. तेव्हा कुठे लक्ष होतं तुझं?

तू लिहितेस, रात्री दुपटं लावत नाही. आणि सकाळी बाप? त्याला कुठे ठाऊक आहे? बायकोचं ऐकून तो गुंडाळतच असणार. पोर पोटभर पिऊन झोपते म्हणून रोज तशीच झोपेल, असं तुला कुणी लिहून दिलंय?

हा कागद हातात पडला की तसाच खाली टाक, बापाला उठव आणि सांग. मग बहिणीला लिही. आणि तिच्या शिव्या खा, तुझ्याच आहेत त्या.

मोठ्या बाई

२६ फेब्रुवारी

छोटे,

हे पत्र नीट बसून वाच. क्रेनवर चढायच्या आधी नको, उतरल्यावर वाच. आधी हे घे, लाटी बरी आहे. डॉक्टरांनी दोनदा तपासली, काही झालेलं नाही. आत्ता ती माझ्यासमोर चटईवर आहे, टेपचं टोक तोंडात घालते आहे.

परवा सकाळी तुझ्या नवऱ्यानं तिला नव्या दुपट्यात गुंडाळून, चिकटपट्टी लावून खाटेवर उताणी ठेवलं, आणि शेजारी जमिनीवर तो झोपला. त्याच्याकडे ती गाढ झोपते, वळत नाही, असं धरून मी कपडे पोचवायला निघाले. गिऱ्हाइकाच्या दाराला कुलूप होतं म्हणून लगेच परतले. घरात काही आवाज नव्हता. ती रडत असती तर मी आधी पिशवी ठेवली असती, चपला काढल्या असत्या. आवाज नव्हता म्हणून तशीच आत गेले. ती पालथी होती. नाक गादीत. हात आत. पाठ हलते आहे की नाही, मला कळेना. मी तिला सरळ केली, चिकटपट्टी निघेना, ओढून फाडली. चेहरा कसा झाला होता ते मी लिहिणार नाही. मग तिनं श्वास घेतला आणि जी रडली ना, तसं रडणं मी एवढ्या मुलांत कधी ऐकलं नव्हतं. तुझा नवरा धडपडत उठला आणि मला म्हणाला, "पण ती तर पालथी पडत नाही ना?"

पडते. जानेवारी संपायच्या आतच पडली. मी तुला खोटं लिहिलं, त्यालाही सांगितलं नाही. तिची झोप गेली ती त्यापायीच, रात्रभर वळते आणि अडकते. हिरड्या नाहीत, थंडी नाही. तू घरी येऊन पहिल्यांदा बघावंस म्हणून मी लपवलं. पाळणाघरात आम्ही तसंच करायचो. मोठ्या बाईंचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं, सांगून टाक म्हणून. एक दिवस उशिरा.

तुझा नवरा तुमच्या कंपनीच्या शहरातल्या ऑफिसात फोन करून वायरलेसवर निरोप ठेवणार होता. मीच नको म्हटलं. कुणीतरी अर्धा निरोप सांगेल आणि तू वर बसलेली असशील. तो आता माझ्याशी बोलत नाही. बाटली माझ्या हातून घेतो, पण बोलत नाही.

दुपटी सगळी जाळली मी. आता तू ओरड.

ताई

४ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचलं आणि मी सुपरवायझरकडे गेले, म्हटलं मला घरी सोडा. तो म्हणाला ट्रक परत जाईल तेव्हा जा, पण जागा राहणार नाही. मी रात्रभर सामान बांधत आणि सोडत बसले. शेवटी गेले नाही. त्याबद्दलही मी तुला माफ करणार नाही, कारण थांबायचं हे मला तुझ्या पत्रावर भरवसा ठेवून ठरवावं लागलं. बरी आहे म्हणतेस. बरी आहेच ना? की हेही माझं मन राखायला लिहिलंयस? बघ काय करून ठेवलंस ते. आता तू सूर्य उगवला असं लिहिलंस तरी मी दारात जाऊन बघणार.

तुला माझं काम माहीत नाही. ऐक. बऱ्याचदा भार जिथे ठेवायचा ती जागा मला वरून दिसतच नाही, खांब आड येतो. खाली एक माणूस उभा असतो, तो हातानं सांगतो, खाली, अजून खाली, थांब. त्याचा हात हेच माझे डोळे. त्यानं मला बरं वाटावं म्हणून खोटी खूण केली तर खालचा माणूस चिरडून मरतो, आणि दांडा माझ्या हातात असतो. तू मला तेच करायला लावलंस. चिकटपट्टीचं दुपटं मी पाठवलं, ताई. ओढून बघून पाठवलं, सुटत नाही म्हणून खूश होऊन. नवऱ्याला दम देऊन लिहिलं, गुंडाळच. माझ्या हातानं. तुझ्या एका "नाही"वर.

पहिल्यांदा बघायचं मेलं कौतुक कुणाला होतं? मला घरी आल्यावर ती जिवंत सापडायला हवी होती. पालथी, सरळ, रांगती, कशीही.

तू माझी बहीण आहेस की पाळणाघरातली बाई? बाईला आईचं मन राखावं लागतं, कारण आई फी भरते. बहिणीला कशाला लागतं गं? तुला माझ्याशी खोटं बोलायची गरज का पडली, ते मला सांग.

ह्याला लिहिलंय, लाटीसाठी दुसरी बाई बघ. या महिन्याच्या आत.

छोटी

११ मार्च

छोटे,

दुसरी बाई बघायची तर बघ. मी आडवी येणार नाही. चूक माझी, त्याची जी शिक्षा असेल ती मला कबूल आहे. तुझ्या पत्रातला शब्द न् शब्द बरोबर आहे, एक प्रश्न सोडून.

खोटं बोलायची गरज का पडली, विचारतेस. निघताना दारात माझा हात धरून काय म्हणाली होतीस, आठव. "मी नसताना तिनं काही नवीन केलं तर मी मरून जाईन." हे मोठ्यानं म्हणालीस, तुझ्या नवऱ्यासमोर. आणि मग बसमध्ये बसलीस. त्या पोरीनं तुझी बस वळणाआड जायच्या आत नवीन काहीतरी केलं असेल, त्या वयाची मुलं दुसरं करतातच काय? रोज नवीन. मी काय करायचं होतं, तिला धरून ठेवायचं होतं का, आई येईपर्यंत मोठी होऊ नकोस म्हणून? तुझे शब्द मी जसेच्या तसे धरून बसले, हा माझा गाढवपणा. पण शब्द तुझेच होते. आणि प्रत्येक पत्रात माझ्यावर ओरडलीस, एकदाही विचारलं नाहीस की ताई, तू झोपतेस का. मलाही राग येतो. मला वाटलं होतं यायला नको, एवढं झाल्यावर. पण येतो.

आता कामाचं. ही पुढची बाई जी कुणी असेल, तिला हे वाचून दाखव.

दुपटं नाही. खाटेवर फक्त घट्ट गादी आणि ताणून बसवलेली चादर, उशी नाही, तक्क्या नाही, बाहुली नाही. दर वेळी उताणीच ठेवायची. ती पालथी होऊन ओरडली की धावत जाऊन उचलायचं नाही. शेजारी उभं राहायचं, नाक मोकळं आहे ना बघायचं, पाठीवर हात ठेवून थोडं थांबायचं. कधी कधी स्वतःच सुटते. नाही सुटली तर कमरेला धरून हळूहळू फिरवायचं, म्हणजे परतीचा रस्ता तिच्या अंगाला कळतो. एकदम उचलून उताणी टाकली तर तिला काहीच कळत नाही. आणि दिवसा चटईवर पोटभर लोळू द्यायचं. दिवसा दमली की रात्री कमी वळते. मी तिच्या डाव्या अंगाला टेप ओढत नेते, मग उजव्या. काल दुपारी ती पालथ्याची उताणी झाली, एकटी, कुणी हात न लावता. नंतर माझ्या कात्रीच्या डब्यावर डोकं आपटलं आणि रडली. हे मी तुला कालच लिहायला घेतलं होतं, कागदाच्या वरच्या कोपऱ्यात बघ, शाई वेगळी आहे.

गेल्या आठवड्यात ती रात्री चारदा उठत होती, आता दोनदा. तुझ्या नवऱ्याला विचार, माझ्यावर भरवसा ठेवू नकोस. त्याला मी रोज सगळं सांगते. तो ऐकतो, मान हलवतो.

मी झोपत नाही. विचारलं नाहीस, तरी सांगते.

ताई

२० मार्च

ताई,

म्हणाले होते. आठवतंय. बसमध्ये बसल्यावरही तेच घोकत होते. असलं काही निघताना म्हटलेलं पाळायचं नसतं गं, एवढंसुद्धा तुला कळू नये? स्वतःला गाढव म्हणतेस ते खरंच आहे.

ह्याला विचारलं. त्यानं अख्खं पान लिहिलं, आयुष्यात पहिल्यांदा. लाटी आता त्याच्याशेजारी सकाळी मोकळीच झोपते, आणि तो झोपत नाही, तिच्याकडे बघत पडून राहतो. तू त्याला एकदा दामटून झोपवलंस आणि स्वतः खाटेपाशी उभी राहिलीस, असंही लिहिलंय. दुसरी बाई बघायला त्यानं नकार दिला. मला म्हणाला, बघायची तर तू येऊन बघ. माझा नवरा मला उलट बोलला, हेही तुझ्यामुळेच.

लाटी तुझ्याकडेच राहील. मी माफ केलेलं नाही. त्याला वेळ लागेल आणि तो मी घेईन, घाई करू नकोस. घरी आल्यावर समोरासमोर भांडू, पोटभर.

पण आता एक गोष्ट पक्की. पुढे ती जे काही करेल, ते त्याच दिवशी लिहायचं. बसली, सरकली, दात आला, कुणाला बघून हसली, तुला आई म्हणाली तर तेसुद्धा. पहिल्यांदा केलं तर पहिल्यांदा असं लिहायचं. मन राखायचं नाही माझं. मला रडू येईल, ते माझं मी बघून घेईन. वर केबिनमध्ये काच असते आणि कुणी नसतं.

तू दुपारी तिच्याबरोबर झोप. शिलाई राहू दे.

छोटी

९ एप्रिल

छोटे,

लाटी काल रात्रभर झोपली. मध्ये एकदा पालथी झाली, डोकं एका कुशीला टाकलं आणि तशीच झोपून राहिली. मी दोनदा उठून नाक बघितलं.

आज दुपारी मी तिला चटईवर बसवून हात काढून घेतले, आणि ती बसली. कशाला न टेकता. मी पाणी पिऊन आले तरी बसलेलीच होती. मग डाव्या अंगाला कलंडली आणि हसायला लागली. तुझ्या नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवलं, त्याच्यासमोर पुन्हा बसली.

हे पहिल्यांदाच होतं. आम्ही दोघांनी बघितलं. तू नव्हतीस.

ताई